चाचणीचीही चाचणी व्हावी

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत रोग, निदान आणि उपचार यांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात. या वेळी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा बरेच दिवस मनात सलत असलेला एक विषय मांडावा असे ठरविले. विषय चाचण्यांचाच आहे. पण रक्त-लघवीच्या नव्हे, तर माणूस पारखण्याच्या चाचण्यांचा, आणि त्यातही वैमानिक निवडण्याच्या. पांढुर्णा-सौंसरच्या डॉक्टरांचा विमानाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत असे.

सौंसरकडील एका संत्रा बागायतदाराचा मुलगा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. घराण्यात सैन्यात गेलेले कोणी नव्हते. मुलाने दोन वर्षे घाम गाळला, पहाटे नागपूर रस्त्याने धावला, निवड मंडळाचे पाच दिवस पार पाडले, वैमानिकांसाठी असलेल्या यंत्रावरील चाचणीतही टिकला. गावाने पेढे वाटण्याची तयारी केली. आणि वैद्यकीय तपासणीत तो नापास होऊन परतला. कारण रंगदृष्टी. लाल आणि हिरव्या रंगातील भेद त्याला नीट कळत नव्हता.

वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. ते रागावलेले नव्हते. फक्त म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लहानपनापासून याले तुम्हीच पायता. मंग हे तुमाले कसं नाही दिसलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचे गोवर, त्याचे टायफॉइड, त्याचा मोडलेला हात, सारे मी पाहिले होते. इशिहाराचे पुस्तक माझ्या कपाटात होते. ते त्याच्यापुढे उघडायला तीन मिनिटेही लागली नसती. पुढे बोलण्याच्या ओघात आई म्हणाली की, संत्र्याच्या तोडणीच्या वेळी पानांआडची पिकलेली फळे त्याला लांबून दिसत नसत. भावंडे हसत आणि तो जवळ जाऊन, चाचपून फळ तोडत असे. म्हणजे चाचणी घरच्या बागेतच झाली होती. तिचा अर्थ सांगणारा कोणी नव्हता, आणि तो सांगण्याचे काम माझे होते.

युद्धातून आलेल्या चाचण्या

त्या दिवसापासून या चाचण्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, आपल्या टेबलावरची इशिहाराची ठिपक्यांची पाने मुळात लष्करासाठीच तयार झालेली आहेत. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी ती पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या तपासणीसाठी रचली आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. शंभर वर्षे उलटूनही ती वापरात आहेत, कारण ज्यासाठी ती बनविली तेच ती मोजतात. लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला आठाच्या जागी तीन दिसतो, आणि विमानतळावरच्या लाल-हिरव्या दिव्यांशी त्याचा संबंध सरळ आहे.

त्याच काळातील दुसरी एक चाचणी मात्र आपल्या व्यवसायाला विनय शिकविणारी आहे. अंतर्कर्णाच्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाची फिरती खुर्ची अमेरिकेत वैमानिकांच्या निवडीसाठी वापरली गेली. उमेदवाराला वीस सेकंदांत दहा वेळा फिरवून थांबवायचे आणि बुबुळांची थरथर, ज्याला आपण निस्टॅग्मस म्हणतो, ती किती सेकंद टिकते ते मोजायचे. सव्वीस सेकंद हे प्रमाण मानले गेले; सोळापेक्षा कमी किंवा छत्तीसपेक्षा अधिक भरले तर उमेदवार बाद.

तर्क किती बिनतोड वाटतो पाहा! विमानात तोल सांभाळावा लागतो, तोल अंतर्कर्णात असतो, आणि अंतर्कर्ण खुर्चीवर मोजता येतो. पण या पायऱ्यांमधून एक पायरी सुटली होती. खुर्चीवर सव्वीस सेकंद येणारा खरोखर चांगला वैमानिक होतो काय, हे आधी कोणी पडताळले नव्हते. पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले, तेव्हा दिसले की पुन्हा पुन्हा फिरविल्यास ही थरथर कमी होत जाते. म्हणजे जो गिरक्यांना सरावला तोच या कसोटीवर अपुरा ठरण्याची शक्यता होती! चाचणी शास्त्राच्या भाषेत बोलत होती, मोजमापही काटेकोर होते. फक्त तिची स्वतःची परीक्षा झालेली नव्हती. किती तरुण त्या खुर्चीवरून विनाकारण घरी गेले असतील, कोण जाणे.

एक धाडसी प्रयोग

दुसऱ्या महायुद्धात ही चूक सुधारण्याचा मोठा प्रयत्न झाला. अमेरिकन लष्कराच्या हवाई दलात १९४१ मध्ये जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली वैमानिक, नेव्हिगेटर आणि बाँबफेके यांच्या निवडीचे काम सुरू झाले. तोपर्यंत उमेदवाराला दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आवश्यक असे. जानेवारी १९४२ पासून ती अट जाऊन तिच्या जागी पात्रता परीक्षा आली. ज्यांच्या घरी कॉलेजचा खर्च झेपत नव्हता, अशा मुलांनाही त्यामुळे दार उघडले. चाचणी नेहमी दार बंदच करते असे नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

कागदी प्रश्नांबरोबर यंत्रावरच्या चाचण्या होत्या. एकीत विमानासारखी दांडी आणि पायाखाली पट्ट्या असत; समोर पेटणाऱ्या लाल दिव्यांशी हिरवे दिवे जुळवायचे, हात आणि पाय एकाच वेळी चालवून. या यंत्राचे मूळ रूप १९३० च्या दशकात नीली मॅशबर्न या लष्करी डॉक्टराने सिद्ध केले होते. सर्व गुण एकत्र करून उमेदवाराला एक ते नऊ यांपैकी श्रेणी दिली जाई.

आणि मग त्यांनी एक अशी गोष्ट केली की, जिच्यासाठी मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, एक हजाराहून अधिक तरुणांच्या चाचण्या घेतल्या, गुण बाजूला ठेवून दिले, आणि पास-नापास न पाहता सर्वांना वैमानिक प्रशिक्षणात घातले. नंतर गुण काढून पाहिले. कमी श्रेणीचे बहुतेक गळाले होते, वरच्या श्रेणीचे बरेचसे टिकले होते. हा खर्च आणि ही जोखीम त्यांनी केवळ एका प्रश्नाच्या उत्तरासाठी पत्करली: आपली चाचणी खरी आहे काय?

युद्धकाळात प्राथमिक वैमानिक प्रशिक्षण घेतलेल्या सुमारे १ लाख ८५ हजार जणांचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले. नऊ श्रेणीतील शंभरांपैकी चार जण गळाले होते, तर एक श्रेणीतील शंभरांपैकी सत्त्याहत्तर. आपण डॉक्टर हा आकडा वाचून म्हणू, उत्तम चाचणी! पण तोच आकडा उलट बाजूनेही वाचावा. सर्वोत्तम ठरलेल्यांतही चार अपयशी झाले, आणि सर्वांत खालच्या ठरविलेल्या शंभरांतील तेवीस जण त्या टप्प्यापार गेले. चाचणीने समूहाविषयी सांगितलेले खरे होते. एकट्या माणसाविषयी तिने फक्त शक्यता सांगितली होती. शिवाय प्रशिक्षणातील यशाचे भाकीत जितके साधले, तितके प्रत्यक्ष लढाईतील कामगिरीचे साधले नाही. जे मोजले त्याचेच उत्तर मिळाले. धैर्य, इमान, सहकाऱ्यासाठी जीव टाकण्याची वृत्ती, यांचे यंत्र निघाले नाही.

ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने याला एक व्यवहारी जोड दिली. उमेदवाराला टायगर मॉथ या छोट्या विमानात सुमारे बारा तास प्रत्यक्ष उडवून पाहायचे आणि मगच वैमानिक करायचे की नेव्हिगेटर, ते ठरवायचे. मला ही पद्धत आपल्या हाऊसमनशिपसारखी वाटते. लेखी परीक्षेतील गुण एकीकडे, आणि रात्री दोन वाजता अत्यवस्थ रोग्यासमोर हात कसे चालतात ते दुसरीकडे.

आपल्याकडील वारसा

हा वारसा भारतातही आला. १९४३ मध्ये डेहराडून येथे प्रायोगिक निवड मंडळ सुरू झाले. आजच्या आपल्या सेवा निवड मंडळांची आणि संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्थेची परंपरा तेथपर्यंत जाते. नेता न नेमता एका गटाला काम देऊन कोण कसा वागतो ते पाहण्याची पद्धत, जी आजही आपल्या मुलांना निवड मंडळापुढे अनुभवावी लागते, तिच्यामागे विल्फ्रेड बिऑन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. आणि योगायोग असा की, त्यांचा जन्म १८९७ मध्ये आपल्या मथुरेचा.

भारतीय वायुसेनेत वैमानिकांसाठी अनेक वर्षे जी चाचणी चालली, तिच्यात उपकरणांच्या तबकड्या वाचण्याचा कागदी भाग आणि दोन यंत्रे असत. एका यंत्रावर दांडी व पायपट्ट्या वापरून सरकणारा प्रकाशबिंदू मध्यभागी धरून ठेवायचा आणि त्याच वेळी मध्येच लागणारे दिवे व आवाज बंद करायचे. दुसऱ्यावर वळत येणाऱ्या ठिपक्यांच्या मागावर बिंदू नेमका नेत राहायचा. आता या यंत्रांची जागा संगणकीकृत पद्धतीने घेतली आहे. नियम मात्र कायम आहे: ही चाचणी आयुष्यात एकदाच. नापास झालेल्याला वायुसेनेच्या उड्डाण शाखेसाठी पुन्हा बसता येत नाही.

या नियमावर आपल्या भागातील पालकांचा रोष मी ऐकला आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. सरावाने गुण वाढतात आणि मग सर्वांच्या गुणांची तुलनाच फोल ठरते, ही त्या नियमामागची अडचण खरी आहे. शिवाय यंत्राचा एक मोठा गुण आपण विसरतो. आपली मुले घरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि मुलाखतीत इंग्रजीपुढे बुजतात. प्रकाशबिंदू मात्र कोणाची भाषा विचारत नाही. सूचना नीट समजल्या की शहरातला मुलगा आणि बेरडी-मोहगावचा मुलगा तेथे बरोबरीला येतात. आपल्याच मध्य प्रदेशातील अवनी चतुर्वेदी शहडोल जिल्ह्यातील देवलोंदसारख्या छोट्या ठिकाणाहून येऊन जून २०१६ मध्ये देशातील पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांपैकी एक झाल्या, हे उदाहरण आपल्या मुलींना सांगण्याजोगे आहे. २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दारही मुलींना उघडले आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. एकदाच होणाऱ्या चाचणीचा निकाल हाती देताना त्याचा अर्थही हाती दिला पाहिजे. नापास होऊन आलेला अठरा वर्षांचा मुलगा एवढेच समजतो की, आपल्यात काही कमी आहे. खरे पाहता त्याला इतकेच सांगितलेले असते की, एका विशिष्ट प्रशिक्षणात टिकण्याची त्याची शक्यता कमी दिसली. युद्धकाळातील अमेरिकन आकडे जसे सर्वांपुढे आले, तसे आपल्या चाचण्यांचे आकडेही मोकळेपणाने समाजापुढे यावेत. त्याने संस्थेवरचा विश्वास वाढेल, आणि खचून परतणाऱ्या मुलालाही आधार मिळेल.

आम्ही करून पाहिले ते

मागील एका शालेय आरोग्य तपासणीत मी या चाचण्यांचे घरगुती रूप करून पाहिले. तीस सेंटीमीटरची पट्टी एकाने उभी धरून अचानक सोडायची आणि दुसऱ्याने चिमटीत पकडायची. वीस सेंटीमीटरवर पकडली म्हणजे सुमारे एक पंचमांश सेकंद लागला. दुसरी चाचणी, आरशात पाहून कागदावरची चांदणी गिरवायची. हात एकीकडे जातो, डोळा दुसरीकडे ओढतो. मुलांनी मोठ्या हौसेने भाग घेतला.

याला शास्त्रीय प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु दोन गोष्टी डोळ्यांसमोर घडल्या. पहिल्या फेरीत मागे पडलेली काही मुले चौथ्या-पाचव्या फेरीत चांगलीच पुढे आली. एक अबोल मुलगी पहिल्या खेपेला चांदणीच्या एका टोकाशीच अडकली होती, शेवटी तिचीच रेघ सर्वांत स्वच्छ होती. दुसरी गोष्ट, निकाल कळताच मागे राहिलेल्या मुलांचे चेहरे उतरले. एका पट्टीने आणि एका आरशाने त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच सिद्ध झाले नव्हते, तरी मुलांनी ते मनाला लावून घेतले. पांढऱ्या कोटातील माणसाने घेतलेली चाचणी किती खोल जाते, ते मला त्या दिवशी कळले.

म्हणूनच आज छोट्या गावांपर्यंत पोहोचलेल्या एका बाजाराविषयी लिहिणे आवश्यक वाटते. मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी, स्वभाव आणि भावी व्यवसाय सांगणारे रंगीत अहवाल पैसे घेऊन दिले जातात. ठशांवरून असे भाकीत करण्याला शास्त्राचा आधार नाही. कित्येकदा असे अहवाल पालक आपल्याकडे घेऊन येतात आणि आपण "असेल बुवा" म्हणून सोडून देतो. त्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवावे: ज्या मुलांना तुम्ही डॉक्टर किंवा वैमानिक होतील असे सांगितले, ती दहा वर्षांनी काय झाली हे तुम्ही पाहिले काय? बारानीच्या खुर्चीला जो प्रश्न विचारायला हवा होता, तोच हा प्रश्न. नव्या रक्तचाचणीविषयी आपण संवेदनक्षमता आणि विशिष्टता विचारतो. मग मुलाच्या आयुष्याविषयीच्या चाचणीला ती सूट का?

आपल्या हातातले काम

टीका करणे सोपे असते. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा आता स्वतंत्र जिल्हा झाला आहे. २०२३ मध्ये झालेल्या या छोट्या जिल्ह्यात आपण डॉक्टरांनी ठरविले तर तीन गोष्टी सहज होऊ शकतात.

पहिली, आठवीत शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीची दृष्टी आणि रंगदृष्टी तपासून पालकांना लेखी कळवावे. त्यासाठी यंत्र नको, निधी नको. इशिहाराचे एक पुस्तक, दिवसाचा चांगला उजेड आणि थोडा वेळ पुरे. रंगदृष्टीची अट केवळ वैमानिकाला नाही, रेल्वेचालकालाही आहे. आणि नागपूर-इटारसी मार्गावरच्या आपल्या गावांत रेल्वेचे स्वप्न पाहणारी मुले पुष्कळ आहेत.

दुसरी, जी मुले सैन्याकडे वळू इच्छितात त्यांना शरीराच्या मापांची माहिती वेळीच द्यावी. उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटीमीटर लागते. बसल्या उंचीची आणि पायांच्या लांबीची मापेही ठरलेली आहेत, कारण कॉकपिटची जागा ठरलेली असते. वाढत्या वयात अंतिम निर्णय देऊ नये, पण अट माहीत असावी.

तिसरी, निकाल सांगताना दोन वाक्ये अधिक बोलावीत. या चाचणीने काय कळले, आणि काय कळले नाही.

कोणी म्हणेल, तेरा वर्षांच्या मुलाला असे सांगून त्याचे स्वप्न का मोडावे? हा आक्षेप मी मनात बराच घोळविला. परंतु स्वप्न तेराव्या वर्षी वळविता येते. अठराव्या वर्षी, दोन वर्षांच्या कष्टांनंतर आणि गावाने पेढे आणल्यावर, ते मोडतेच. शिवाय रंगदृष्टीचा दोष म्हणजे रोग नव्हे. तो असलेली माणसे उत्तम अभियंते, शिक्षक, वकील आणि डॉक्टरही होतात. बंद दार एकच असते. ते कोणते, हे लवकर कळले तर बाकीची दिसतात.

सुरुवातीला सांगितलेला तो मुलगा आज नोकरीत स्थिरावला आहे. गेल्या पोळ्याला गावी आला तेव्हा बहिणीला आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आला. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणजे बहिणीकडूनही भाच्याकडे जाऊ शकतो, हे मीच त्याला त्या वेळी सांगितले होते. पुस्तक उघडले. पहिल्या पानावरचा बारा सर्वांनाच दिसतो, त्यालाही दिसला. पुढच्या पानावरच्या आठाला तो तीन म्हणाला. पुढची पानेही तशीच गेली.

बहीण क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आताच समजलं हे बरं झालं, डॉक्टरसाहेब." मामाने भाच्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि दोघे संत्र्याच्या बागेविषयी बोलत बाहेर गेले.

डॉक्टर मित्रांनो, ते पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. येत्या शैक्षणिक वर्षात आपल्या संघटनेने या जिल्ह्यातील आठवीच्या प्रत्येक वर्गात ते एकदा उघडावे, एवढीच या लेखाच्या निमित्ताने नम्र विनंती.